पिंजऱ्यातून पळालेला मासा: कारवारचा कोबिया आणि दूधगंगेचा रूपचंद

निपाणीच्या एका शेतकऱ्याने विचारलं आहे: ‘दूधगंगेच्या काठाला आमचं शेततळं आहे. कटला-रोहूबरोबर थोडे रूपचंद सोडतो. मेहुणे कारवारला पिंजरे टाकून जिताडा आणि कोबिया पाळायचं म्हणतायत. परदेशात पाळलेले मासे पळाले आणि समुद्रातल्या माशांची वाट लागली, असं वाचलं. मासा समुद्रातलाच, पाणीही समुद्राचंच, मग पळाला तर बिघडतं काय? आणि आमच्या तळ्यातला पळाला तर तो समुद्रापर्यंत जाईल का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. दूधगंगेतला मासा कारवारला पोचत नाही. दूधगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर करत आंध्रात बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत इतकी धरणं आहेत की तुमचा रूपचंद कुठल्यातरी जलाशयातच मुक्काम ठोकेल. खानापूरकडची गोष्ट वेगळी आहे. कणकुंबीला एका उतारावर पडलेला पाऊस मलप्रभेतून पूर्वेला जातो. त्याच तालुक्यात भीमगडच्या रानात उगवणारी म्हादई मात्र गोव्यात मांडवी होऊन पणजीला समुद्र गाठते. लोंढ्याकडची पांढरी नदी काळी नदीला मिळते आणि काळी कारवारला सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्रात शिरते. त्या बाजूला तळं असणाऱ्याने चिलापी सोडताना दोनदा विचार करावा (आपल्या बाजारात कानडीवरून तिला ‘जिलेबी’ही म्हणतात). ती गोड्या पाण्यात जगते तशी खाडीच्या मचूळ पाण्यातही जगते. कटला आणि रूपचंद खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. मी आधी खानापूर भागात मत्स्यबीज विकत होतो, नंतर काही वर्षं कारवारच्या खाडीत पिंजऱ्यांवर काम केलं. दोन्हीकडे लोक ‘मासा पळाला’ हे एकच वाक्य बोलतात, पण त्याचे अर्थ दोन आहेत. पळालेला मासा परका असेल तर तो तगला की नुकसान सुरू होतं. तो आपल्याच पाण्यातला असेल तर नुसता तगून फार बिघडत नाही, रानातल्या माशाबरोबर त्याची वीण झाली की बिघडायला लागतं. तुमच्या तळ्यातला रूपचंद परदेशी, म्हणून तुमचा प्रश्न पहिल्या जातीचा आहे; मेहुण्यांचे मासे इथल्याच पाण्यातले, म्हणून त्यांचा दुसऱ्या.

दुसऱ्याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो सॅल्मनवर. (आपल्याकडे हॉटेलवाले रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, तो हा नव्हे.) नॉर्वेने १९७० च्या आसपास अटलांटिक सॅल्मन पिंजऱ्यात पाळायला घेतला आणि पिढ्यानपिढ्या निवड करत गेला. लवकर वाढणारा, माणसाला न बिचकणारा, गोळीखाद्यावर तुटून पडणारा मासा ठेवायचा, बाकीचे बाद. आपण म्हशी निवडतो तशीच ही निवड. पण गोठ्यात जो गुण, तो रानात दोष. पिंजऱ्यात सावली दिसली की मासा वर येतो, कारण सावली म्हणजे खाद्य टाकणारा माणूस. नदीत सावली म्हणजे बगळा किंवा पाणमांजर.

तरीही हे मासे पळून नद्यांत चढतात आणि रानटी सॅल्मनबरोबर विणतात. नॉर्वेतल्या इम्सा नदीत मुद्दाम दोन्ही प्रकारचे मासे सोडून पाहिलं, तेव्हा पाळीव माशाची आयुष्यभराची निपज रानटी माशाच्या १६ टक्केच भरली. आयर्लंडच्या बरीशूल नदीतल्या प्रयोगात अंड्यापासून प्रौढ मासा होऊन परत येईपर्यंत पाळीव मासा रानटीच्या जेमतेम २ टक्के टिकला. हे आकडे ऐकून कोणी म्हणेल, ‘मग चिंता कसली, ते मरतातच की!’ मलाही आधी तसंच वाटलं होतं. खरी गोम मधल्या संकरित पिलांत आहे. ती पूर्ण पाळीव माशाइतकी लवकर मरत नाहीत. काही दिवस ती रानटी पिलांपेक्षा मोठी आणि दांडगी असतात, त्यांची जागा आणि खाणं बळकावतात, आणि समुद्रात गेल्यावर परत येताना मात्र कमी पडतात. म्हणजे जागा अडवली आणि पीकही दिलं नाही. हे एकदा घडलं तर नदी सावरते. दरवर्षी थोडे थोडे मासे पळत राहिले तर नदीतलं मूळ बी दरसाल पातळ होत जातं. नॉर्वेत तपासलेल्या नद्यांपैकी निम्म्याहून जास्त नद्यांत पाळीव रक्ताचा अंश सापडला आहे.

आपल्या शाळूचं घरचं बी आठवा. पन्नास वर्षं एकाच रानात पेरून त्या मातीला, त्या थंडीला मुरलेलं. शेजारच्याने जास्त उताऱ्याचं बाहेरचं वाण लावलं तर एका वर्षात काही होत नाही. पंधरा वर्षांनी घरचं बी राहिलंय की नाही, हेच सांगता येत नाही. नदीत तर कणगी उघडून बघायचीही सोय नाही.

मग कारवारला हे सगळं जसंच्या तसं लागू होतं का? नाही, आणि इथे मी घाबरवणाऱ्यांच्या बाजूचा नाही. कोबियाचंच बघा. तो अरबी समुद्रातलाच मासा आहे, लांब लांब फिरणारा. सॅल्मनसारखी त्याची ‘ही आमची नदी, ती तुमची’ अशी भानगड नसते, त्यामुळे एखाद्या छोट्या गोतावळ्याचं रक्त बिघडण्याचा धोका कमी. तोच कोबिया २०१५ मध्ये इक्वेडोरच्या किनाऱ्यावरच्या पिंजऱ्यांतून सुटला तेव्हा मात्र गवगवा झाला. पॅसिफिकच्या त्या पूर्व बाजूला कोबिया मुळात नव्हताच. पुढे तो कोलंबिया आणि पनामापर्यंत जाळ्यात सापडला. इथला घरचा मासा तिथे घुसखोर ठरला.

जिताड्याची गोष्ट जास्त नाजूक आहे आणि मेहुण्यांनी खरा विचार त्याचा करावा. गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तोच हा. तो खाडीत आणि नदीत वाढतो आणि विणायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात उतरतो. शिवाय जन्मतः बहुतेक नर, काही वर्षांनी मोठा झाला की मादी. म्हणजे खाडीतल्या मोजक्या मोठ्या माशांवर सगळ्या विणीचा भार असतो. अशा एका खाडीत, समजा, दोन-पाच हजार पाळीव जिताडे सुटले आणि त्यातले थोडे मोठे होईपर्यंत जगले, तर तिथल्या विणीत त्यांचा वाटा बराच मोठा होऊ शकतो. दिलासा एवढाच की पिंजऱ्यातला जिताडा किलो-दीड किलोला विकला जातो, विणायच्या वयाच्या कितीतरी आधी. पिंजऱ्यातच अंडी टाकून पिलं बाहेर निसटण्याचा प्रकार इथे जवळपास नसतो.

म्हणून जिताड्याच्या बाबतीत मी जाळ्याच्या आधी बियाण्याबद्दल विचारतो. भारतातला जिताडा आणि आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचा जिताडा जनुकीयदृष्ट्या वेगळे आहेत. चेन्नईच्या केंद्रीय निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये आपल्याकडे जिताड्याची कृत्रिम वीण साधली. त्यामुळे देशी जनकांपासूनचं बी मिळत नाही, ही सबब आता चालत नाही. बोटुकली (बोटाएवढी पिलं) घेताना तीन गोष्टी विचारा: जनक मासे कुठल्या किनाऱ्याचे, किती नर-मादी वापरल्या, आणि जनक किती वर्षांनी बदलतात. मी एकदा एका केंद्रातून बी आणलं. जनक किती, विचारलं तर मालक हसून म्हणाला, ‘तुम्हाला मासे पाहिजेत की पत्रिका?’ पुढे त्या लॉटमधल्या पिलांत वाकड्या कण्याची पिलं इतकी निघाली की पत्रिकाच मागायला हवी होती, हे पटलं. दोन-चार जनकांची लाखभर पिलं म्हणजे पंचक्रोशीतल्या सगळ्या म्हशींना एकच रेडा. पिंजऱ्यात ते चालून जाईल, खाडीत सुटलं तर नाही.

आता जाळं. लोकांना वाटतं मासे वादळात पळतात. वादळाचं पळणं पेपरात येतं एवढंच. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सायप्रेस बेटाजवळ, ऑगस्ट २०१७ मध्ये पिंजऱ्यांचा आख्खा तांडा मोडला आणि अडीच लाखांच्या आसपास अटलांटिक सॅल्मन पॅसिफिकमध्ये सुटले. कंपनीने आधी सांगितलं की सूर्यग्रहणामुळे भरती मोठी आली. राज्य सरकारच्या चौकशीत निघालं की जाळी वेळेवर न धुतल्यामुळे त्यांच्यावर शिंपल्यांचे आणि शेवाळाचे टनावारी थर चढले होते. छिद्रं बुजली की जाळं जाळं राहत नाही, शीड होतं. प्रवाहाने ओढून दोर तोडले. २०१८ मध्ये त्या राज्याने परक्या माशाची पिंजऱ्यातली शेती बंद करण्याचा कायदा केला. सुटलेले बरेच मासे स्थानिक कोळ्यांनी पकडले. नंतर सापडलेल्यांतले काही रिकाम्या पोटाचे होते. गोळ्या खाऊन वाढलेल्याला शिकार कोण शिकवणार?

कारवारला ग्रहण लागत नाही, पण शिंपले लागतात, आणि काळीच्या मुखाशी ते फार भराभर लागतात. जाळी ठरल्या दिवशी बदलायलाच हवी. शिवाय आपल्याकडे केंड आहे. केंड मासा जाळं कुरतडतो हे कुठल्याही कोळ्याला विचारा, शिव्यांसकट सांगेल. पाणमांजरंही येतात. माझ्या पिंजऱ्याला एकदा तळहाताएवढं भोक पडलं होतं आणि मला ते दोन दिवस कळलं नाही. कळलं ते खाद्यावरून: सकाळी टाकलेलं खाद्य उरायला लागलं. मोजणी केली तर शे-दीडशे जिताडे कमी. पहिले दोन-तीन दिवस पळालेले मासे पिंजऱ्याभोवतीच घुटमळत होते, खाद्याची सवय सुटत नाही. शेजारच्या होडीवाल्यांना सांगितलं, त्यांनी जाळी लावून तिसरा हिस्सा परत आणून दिला, उरलेले खाडीत वर निघून गेले. तेव्हापासून मी बाहेरून दुसरं, जाड दोऱ्याचं जाळं लावायला लागलो. खर्च वाढतो. पण शंभर जिताडे गेले की त्या दुसऱ्या जाळ्याचे पैसे तसेही गेलेलेच असतात.

रोगाचं थोडक्यात. पिंजऱ्यात दाटी असते, त्यामुळे उवा आणि जंतू फोफावतात आणि पळालेला मासा ते बरोबर घेऊन जातो. खरं तर जाळ्याच्या छिद्रातून जंतू तसेही बाहेर जातात, मासा पळायची गरज नसते. पण पळालेला मासा ते दूरवर पोचवतो. कोळंबीत पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने १९९४-९५ पासून आपल्या किनाऱ्याची काय दशा केली हे ज्यांनी खाजणात पैसे घातले होते त्यांना सांगायला नको. त्यानंतर आलेली व्हेनामी कोळंबी तर मूळची पॅसिफिकच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची. २००९ पासून तिला रीतसर परवानगी मिळाली ती तपासलेल्या, रोगमुक्त जनकांच्या अटीवर. ती अट कागदावर जितकी कडक आहे तितकी प्रत्येक तळ्यावर दिसत नाही, हे माझं मत.

आता तुमचं तळं. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुमच्याकडे कोणाला विसरणं शक्य नाही. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा सगळ्या एकदम फुगल्या. चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणी पाण्यात. मी पूर ओसरल्यावर वेदगंगेच्या काठावरच्या एका ओळखीच्या तळेवाल्याकडे गेलो होतो. तळं कुठे संपतं आणि नदी कुठे सुरू होते, कळत नव्हतं. ऊस आडवा झालेला, आणि सरीत साचलेल्या पाण्यात पोरं हाताने मासे धरत होती. एक पोरगं लाल पोटाचा, ताटाएवढा मासा दोन्ही हातांनी उचलून ओरडलं, ‘काका, हे काय गावलंय बघा की! दात हायत ह्याला!’ रूपचंद. आमच्या वेदगंगेत ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, उसाच्या सरीत. पुन्हा २०२१ च्या जुलैत तेच. केरळात २०१८ च्या पुरानंतर तर नद्यांत अरापैमासारखे शोभेसाठी पाळलेले धूडही सापडले.

रूपचंद आपल्याकडे २००३-०४ च्या सुमारास बांगलादेशातून, परवानगीशिवाय आला आणि बाजाराने त्याला पापलेटाचा गरीब भाऊ करून टाकलं. तो आपल्या नद्यांत कायमचा स्थिरावेल की नाही, यावर मी पैज लावणार नाही. पण ज्यांनी पैज जिंकली आहे असे मासे डोळ्यांसमोर आहेत. चिलापी १९५२ मध्ये देशात आली. दोन-तीन महिन्यांत विणायला लागते, मादी अंडी-पिलं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची पिलं मरत नाहीत आणि बाकीच्यांना घरटं करायला जागा उरत नाही. उजनीच्या बाजारात उभे राहा, टोपल्या भरून काय येतं ते दिसेल. आफ्रिकन मांगूर तर पावसाळी रात्री तळ्यातून सरपटत बाहेर पडतो, हवेतून श्वास घेतो, जे तोंडात मावेल ते खातो. त्याच्यावर बंदी जुनी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही बजावलं. तरी कोणी ‘थाई मांगूर’ म्हणून बी घेऊन आला तर त्याला बांधावरूनच परत पाठवा.

एका पुरात काय होऊ शकतं याचं माझ्या मते देशातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण हिमाचलमधलं आहे. सतलजवर भाक्रा धरणाचा गोविंदसागर. १९७१ मध्ये देवली इथल्या मत्स्यबीज केंद्रातून पुराच्या पाण्याबरोबर सिल्व्हर कार्प, म्हणजे आपला चंदेरा, जलाशयात गेला. कोणी सोडला नव्हता. पुढच्या वर्षांत तो इतका वाढला की मासेमारीत त्याचाच बोलबाला झाला, कटला मागे पडला आणि महाशीरही. कोळ्यांच्या हाती वजन जास्त आलं, हेही खरं सांगायला हवं. म्हणून तर असल्या गोष्टींविरुद्ध ओरड होत नाही: टोपली भरलेली असते, फक्त आत एकच जात असते.

आणि परका म्हणजे परदेशीच असं नाही, हे आपल्याच कृष्णेच्या माशाने दाखवलं आहे. दख्खनी महाशीर मूळचा कृष्णेच्या खोऱ्यातला. लोणावळ्याला त्याची कृत्रिम वीण यशस्वी झाल्यावर त्याची पिलं कावेरीत मोठ्या प्रमाणावर सोडली गेली, चांगल्या हेतूने. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड वाढणारा महाशीर होता. त्याला शास्त्रीय नाव पक्कं मिळालं २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतही गेला. कृष्णेचा मासा कावेरीत पाहुणा म्हणून गेला आणि घरमालकाचीच जागा गेली. वाळूउपसा आणि धरणांचाही त्यात हात आहे, सगळा दोष एका माशावर टाकता येत नाही. पण आपल्या खोऱ्यातला मासा म्हणजे निरुपद्रवी, असं मी त्यानंतर म्हणत नाही.

तेव्हा तुम्ही करायचं ते असं. रूपचंद बंद करा. कटला-रोहूही कृष्णेत बाहेरूनच आलेले, मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, पण ते आता जलाशयांत सरकारच सोडतं, तुमच्या तळ्यातल्या चार माशांनी त्यात फरक पडत नाही. दुसरं, वेळापत्रक बदला. आपल्याकडे पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो. पाणी उतरल्यावर सप्टेंबरात मोठी बोटुकली सोडा आणि मृगाच्या आत तळं उपसून विकून टाका. पुराला तळ्यात मासाच नसला तर पळणार काय? वर्षभर मासा ठेवायची हौस काठावरच्या तळ्याला परवडत नाही. मेहुण्यांचंही तेच: पावसाळी समुद्र पिंजऱ्याचा वैरी आहे, मे अखेरीस माल काढून जाळी किनाऱ्यावर सुकत घाला. तिसरं, सांडव्याला एकच जाळी लावू नका. कचऱ्याने ती तुंबते आणि पाणी बांधावरून जातं, मग मासे रांगेने निघतात. पुढे मोठ्या भोकाची कचरा अडवायला, मागे बारीक भोकाची मासा अडवायला, आणि पावसात दिवसातून दोनदा झाडायला माणूस.

बांध किती उंच घालायचा, हे मात्र तळं न बघता सांगता येणार नाही. गावातल्या देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण नक्की असेल. तिथून तुमच्या बांधाच्या माथ्यापर्यंत पाणनळीने पातळी काढा आणि बांध खुणेच्या वर किती, खाली किती, ते कळवा. खाली दोन हातांपेक्षा जास्त असेल तर बांधावर पैसे घालू नका, त्या पैशांत तळं वरच्या रानात हलवता येईल का ते बघू.